वर्गणी आणि कविता : अल्प देणग्यांवर उभ्या राहणाऱ्या नव्या काव्याचा विचार

१

मराठी समीक्षेने कवितेच्या आशयाचा, अभिव्यक्तीचा व छंदाचा जितका विचार केला आहे, तितका तिच्या चरितार्थाचा केलेला नाही. कवी कशावर जगतो, त्याची रचना कोणाच्या पैशावर छापली किंवा गायिली जाते, हे प्रश्न आपण बहुधा चरित्रकाराकडे सोपवितो आणि स्वतः निर्धास्तपणे कवितेकडे वळतो. या कामाच्या वाटणीत एक गृहीत दडलेले असते. पैसा कवितेच्या उंबरठ्याबाहेर राहतो, तिच्या शब्दांपर्यंत तो पोहोचत नाही, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे.

त्याला निमित्त झाले ते आपल्याच परिसरातील एका नव्या व्यवहाराचे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांत कविता लिहिणाऱ्यांची व ऐकणाऱ्यांची लहानलहान मंडळे पूर्वीपासून आहेत. आता ती भ्रमणध्वनीवरील गटांतून एकत्र येतात. २०१६ मध्ये यूपीआय ही देवघेवीची पद्धत सुरू झाल्यापासून वीस-पन्नास रुपये क्षणात पाठविणे शक्य झाले आहे, आणि त्यामुळे या गटांतून एक नवा प्रकार रूढ होऊ लागला आहे. श्रोते विषय सुचवितात, कवी त्यावर लिहितो, थोडथोड्या देणग्यांतून ठरलेली रक्कम जमली म्हणजे ती कविता सर्वांसाठी खुली होते. देणाऱ्याला तिची वेगळी प्रत मिळत नाही. जे त्याला मिळते तेच न देणाऱ्यालाही मिळते. या योजनेची तात्त्विक मांडणी जॉन केल्सी व ब्रूस श्नायर यांनी १९९९ मध्ये रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंताची उपमा घेऊन केली होती. खेळ पुढे चालू राहावा असे ज्यांना वाटते त्यांनी टोपीत पैसे टाकावे, पुरेसे जमले की खेळ सर्वांपुढे व्हावा, असे तिचे सार सांगता येईल. पुढे २००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ व २०१३ मध्ये ‘पेट्रिऑन’ या संस्थांनी याच कल्पनेला जगभर व्यापारी रूप दिले.

या व्यवहाराचे स्वागत दोन टोकांनी झालेले दिसते. काहींना त्यात प्रकाशकाच्या व अनुदानाच्या जाचातून कवीची सुटका दिसते. काहींना कवीच्या हाती कटोरा दिसतो. दोन्ही मते उतावळी आहेत. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. अल्प देणग्यांनी कविता पोसली जाते याविषयी शंका नाही. परंतु कोणती कविता पोसली जाते? जी अद्याप लिहिली गेलेली नाही, जिचा घाट देणाऱ्याने पाहिलेला नाही, अशा नव्या कवितेला हा आधार मिळतो, की समूहाला आधीच प्रिय असलेल्या स्वराच्या प्रतिध्वनीला?

२

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शब्दांची साक्ष घेणे उपयुक्त ठरेल. कलावंताला द्रव्य देण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही, आणि जे अनेक आहेत ते परस्परांचे पर्याय नाहीत.

‘दक्षिणा’ ही विद्येला व विधीला द्यावयाची. पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचे पुढे इंग्रजी अमलात ग्रंथांच्या पारितोषिकांत रूपांतर झाले व १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीमार्फत मराठी ग्रंथकारांना उत्तेजन मिळू लागले; तरी शब्द तोच राहिला, आणि त्याबरोबर पात्रापात्रतेचा निर्णय वरच्याने करावयाचा हा भावही राहिला. ‘बिदागी’ हा शब्द निरोपाच्या ‘बिदा’पासून आलेला आहे, अर्थात ती कार्यक्रम संपल्यावर, गुण पाहून द्यावयाची. ‘दौलतजादा’ म्हणजे मूळ अर्थाने ‘आपली दौलत वाढो’ असा आशीर्वाद. तमाशाच्या फडात पैसे देणाऱ्याचे नाव घेऊन हा उच्चार होत असे, आणि त्या उच्चारावरूनच देण्यालाही ते नाव पडले. ‘सुपारी’ ही आगाऊ द्यावयाची. तिने दिवस व वेळ बांधली जाते. ‘देणगी’ ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून, तिला माप नाही. ‘वर्गणी’ला मात्र माप आहे. ती वाट्याने येते, कार्याच्या आधी गोळा होते, आणि ती देणारा हा आश्रयदाता न होता वाटेकरी होतो.

या शब्दांची तुलना केल्यास तीन भेद ध्यानात येतात. पहिला काळाचा : द्रव्य निर्मितीच्या आधी दिले जाते, चालू असता दिले जाते, की नंतर? दुसरा नावाचा : देणाऱ्याचे नाव उच्चारले जाते, की तो समूहात लोपतो? तिसरा अधिकाराचा : दिल्यामुळे देणाऱ्याला काय सांगण्याचा हक्क प्राप्त होतो? रक्कम लहान की मोठी, हा भेद या शब्दसमूहात जवळजवळ नाहीच. लहान रकमेत आपोआप काही लोकशाही असते असा जो आजचा समज आहे, त्याला भाषेचा पाठिंबा मिळत नाही. दौलतजादाचा रुपयाही लहानच होता. पण तो देणारा त्या क्षणापुरता लहानसा सरदार होत असे.

उल्हासनगरच्या संदर्भात आणखी एका शब्दाची नोंद घ्यावयास हवी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ज्या नगराची कोनशिला बसविली गेली, ते मूळचे कल्याण कँप, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे वसविल्या गेलेल्या सिंधी निर्वासितांनी आपल्याबरोबर ‘भगत’ ही गायन, नर्तन व कथन यांचा संगम असलेली परंपरा आणली. भगतात श्रोते गायकाला जे पैसे देतात त्याला ‘घोर’ म्हणतात. ओवाळून टाकणे हा त्यातील मूळ भाव. मराठी ‘ओवाळणी’शी त्याचे नाते सहज लक्षात येईल. भगत कंवरराम, ज्यांची १ नोव्हेंबर १९३९ रोजी रूक स्थानकावर हत्या झाली, ते आपल्याला मिळालेली घोर गरजूंना वाटून टाकीत, ही आठवण सिंधी समाजात अद्याप जिवंत आहे. येथे देणाऱ्याचा पैसा गायकाजवळ थांबतच नाही, म्हणून त्यावर हक्क सांगण्याचा प्रसंगही येत नाही. देण्याच्या रीतीत कलावंताचे स्वातंत्र्य कसे दडलेले असते, याचे हे एक उदाहरण होय.

३

आश्रयाचा सर्वात जुना प्रकार पाहण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, शिलालेखात उत्तर कोकणचा शिलाहार नृपती माम्वाणी, ज्याला मुम्मुणी असेही म्हणतात, याचे नाव आहे. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी या तिघा शिलाहार बंधूंच्या दरबारात लाट देशाचा सोड्ढल हा कवी सन्मान पावला होता. त्याचा ‘उदयसुंदरीकथा’ हा संस्कृत चंपू उपलब्ध आहे, आणि या राजांनी केलेल्या गौरवाची हकीकत त्यानेच त्यात नमूद केली आहे. राजाने दिलेल्या देण्याची पावती काव्याच्या आतच फाडावी लागते, ही राजाश्रयाची रीत. ती लाजिरवाणी मानण्याचे कारण नाही. तिच्यात निदान लपवाछपवी नाही. कोणाच्या मिठाला कवी जागतो हे वाचकाला पहिल्याच पृष्ठावर कळते.

राजाची जागा अनेकांनी घेतली म्हणजे ही पावती नाहीशी होते काय? पाश्चात्त्य वाङ्मयेतिहासातील नेहमी दिला जाणारा दाखला अलेक्झांडर पोप याचा आहे. त्याने होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत, आगाऊ वर्गणीदार मिळवून प्रसिद्ध केले, वर्गणीदारांची संख्या पावणेसहाशेच्या घरात होती. दरबारी आश्रयावाचून कवी सुखाने जगू शकतो हे त्यातून सिद्ध झाले, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. परंतु वर्गणीदारांनी आगाऊ पैसे कशासाठी दिले, हे विसरता कामा नये. ते होमरसाठी दिले; ज्याचे मोल दोन सहस्रकांनी ठरविले होते त्याच्यासाठी.

आपल्याकडेही असेच घडले. १८७८ मध्ये पुण्यात जनार्दन बाळाजी मोडक, काशिनाथ नारायण साने व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. जुनी काव्ये व ऐतिहासिक साधने वाचविण्याचे फार मोठे कार्य त्याने वर्गणीदारांच्या बळावर केले. त्याबद्दल मराठी वाचक त्याचा कायमचा ऋणी राहील. पण त्याचा वर्गणीदार वारशाचे रक्षण करीत होता. जन्माला यावयाच्या कवितेसाठी त्याने काही दिले नव्हते. समूह वारशासाठी हात सैल सोडतो. अज्ञातासाठी तो सोडतो काय, हीच खरी कसोटी आहे.

४

या कसोटीला उतरलेले एक उदाहरण मराठीत आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही. कल्याण जंक्शनाहून आपली गाडी कर्जतकडे वळते. दुसरा फाटा कसारा घाटातून खानदेशात जातो. त्या मार्गावरील जळगावात १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ हे मासिक सुरू केले. केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक चालले. केशवसुत, रेव्हरंड टिळक, विनायक, बालकवी या नावांशी ते निगडित आहे. १९०७ मध्ये जळगावातच भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली, हे सर्वश्रुत आहे.

या मासिकाचा वर्गणीदार नेमके काय विकत घेत होता? वर्षाच्या आरंभी तो जे देत असे त्याच्या मोबदल्यात त्याला कोणत्याही एका कवितेचे आश्वासन नव्हते. पुढील अंकात कोण लिहील व काय लिहील, हे त्याला ठाऊक नव्हते, संपादकालाही पुरते ठाऊक नसावे. त्याने विकत घेतले ते कोरे पान. या एका गोष्टीमुळे वर्गणी व कविता यांत अंतर राहिले, आणि त्या अंतरात नवकवितेला श्वास घेता आला. केशवसुतांची प्रत्येक कविता स्वतंत्रपणे वर्गणीला लावली असती, तर त्यांतील किती कवितांची रक्कम पूर्ण झाली असती, याचा विचार करून पाहावा. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. हरि नारायण आपटे यांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या बारा वर्षांत व त्याआधीही ग्रंथ नव्हता, तेव्हा मासिकाचे पान होते.

वर्गणीदाराच्या अधिकाराला येथे एक नैसर्गिक मर्यादा होती. अंक न आवडल्यास तो पुढील वर्षी वर्गणी भरणार नाही. परंतु अमुक कविता नको, तमुक हवी, असे तो पैशाच्या द्वारे सांगू शकत नव्हता. त्याची नापसंती वर्षाने पोहोचणार होती. तेवढ्या अवकाशात कविता लिहून होते, आणि कधी कधी वाचकही बदलतो.

५

मुद्रित कवितेच्या या इतिहासाला समांतर असा दुसरा इतिहास आपल्या शहरांच्या वस्त्यांतून घडला आहे. विद्यापीठीय समीक्षेने त्याची दखल उशिरा घेतली. भीमराव कर्डक यांच्या जलशांपासून पुढे गायनपार्ट्यांपर्यंत आंबेडकरी गीतांची जी परंपरा वाढली, ती सर्वस्वी वर्गणीवर वाढली. जयंतीच्या आधी चाळीचाळींतून पावतीपुस्तक फिरते, घरटी रक्कम ठरते, त्यातून गायकाला सुपारी जाते, आणि रात्रभर कार्यक्रम होतो. अंबरनाथच्या कारखान्यांत व आयुधनिर्माणीत कामाला आलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांत, उल्हासनगरच्या कँपांभोवती, बदलापूरच्या जुन्या गावठाणालगत ज्यांचे बालपण गेले त्यांना ही रीत सांगावयास नको.

या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की, त्याला नवे गीत लागते. गेल्या वर्षीचेच गाणे यंदा गायिले तर श्रोता नाराज होतो. विषय एकच, प्रसंग तोच, श्रोताही बहुधा तोच. आणि तरी रचना नवी हवी. या मागणीतून वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारखा कवी उभा राहिला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस शाळेत न जाता मोठेपणी अक्षरे शिकला, आणि चाळीसच्या दशकापासून त्याने गीतांची अखंड रचना केली. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह १९७३ मध्ये व ‘मोहळ’ १९७६ मध्ये निघाला. तोपर्यंत ही गीते तीस वर्षे लोकांच्या कंठात होती. ग्रंथव्यवहाराने ज्याला तीन दशके विचारले नाही, त्याला घरटी वर्गणीने पोसले. अल्प देणग्यांवर मौलिक कविता जगू शकते काय, असे विचारणाऱ्याला याहून ठसठशीत उत्तर देता येणार नाही.

परंतु हे उत्तर नीट वाचले पाहिजे. ही वर्गणी गीताला नव्हती, जयंतीला होती. ज्या घराने पाच रुपये दिले त्याने मंडप, दिवे, भोजन व गाणे या सर्वांसाठी मिळून दिले. त्यातील कोणते कडवे आपल्या पैशाचे, हे त्याला सांगता येत नव्हते. आणखी एक बारकावा लक्षणीय आहे. वामनदादांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ ही नाममुद्रा येते. संतांच्या अभंगांतून आलेली ही प्रथा येथे नव्या अर्थाने उभी आहे. दौलतजादाच्या उच्चारात नाव देणाऱ्याचे असते. वर्गणीच्या गीतात नाव कवीचे असते. वस्तीने पैसे दिले, पण सही करण्याचा हक्क स्वतःकडे घेतला नाही. विषयाने बांधलेला हा कवी शब्दाने मोकळा होता. विषयाचे हे बंधनही लहान नव्हते, आणि त्यामुळे कित्येक गीतकारांच्या हातून साचेबंद रचना झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण साचा हा सर्वच आश्रयांचा दोष आहे. त्यातून एक वामनदादा निघणे ही त्या आश्रयाची कमाई मानावी.

६

आता वर्तमानाकडे वळू. लोकवर्गणीतून उभा राहिलेला मराठी कवितेचा अलीकडचा सर्वपरिचित उपक्रम म्हणजे मराठी अभिमानगीत. सुरेश भट यांच्या कवितेला कौशल इनामदार यांनी संगीत दिले, चारशेहून अधिक गायकांचे स्वर त्यात मिळाले, आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ते प्रकाशित झाले. विखुरलेल्या मराठी भाषकांनी थोडे थोडे देऊन एखादी निर्मिती घडवून आणावी, ही गोष्ट गौरवास्पदच होय. तथापि, कवीचे निधन २००३ मध्येच झालेले होते. कविता लिहिलेली होती, मान्यता पावलेली होती. वर्गणी तिच्या ध्वनिमुद्रणाला मिळाली. समूहाने आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांना आवाज दिला. पोपच्या होमरचा व काव्येतिहाससंग्रहाचा न्याय येथेही लागू पडतो. त्या उपक्रमात यात उणे असे काही नाही. पण नव्या कवितेला आधार मिळण्याचा पुरावा म्हणून तो पुढे करता येणार नाही.

न लिहिलेल्या कवितेचे काय होते, हे प्रस्तुत लेखकाने एका लहान गटात दोन वर्षे पाहिले. कर्जत मार्गावरील सहप्रवाशांचा हा गट, नाव सांगण्याजोगा नाही. त्यात उल्हासनगरची एक तरुण कवयित्री होती. घरची भाषा सिंधी, लेखनाची मराठी. गटात विषय सुचविले जात, कोणी वीस, कोणी पन्नास रुपये पाठवीत. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, या घटनेवरील तिच्या कवितेची रक्कम एका संध्याकाळी जमली. पाणी, अंधार, अनोळखी हात, एकमेकांना दिलेली बिस्किटे असे त्या कवितेचे जग होते. कविता वाईट नव्हती. तिच्यात क्रियापदांचा कर्ता जवळजवळ सर्वत्र ‘आपण’ हा होता.

पुढे तिने वालधुनी नदीवर लिहिले. अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणारी ही नदी उल्हासनगरातून जाते. रासायनिक कारखान्यांनी व जीन्स रंगविण्याच्या व्यवसायाने तिचे काय केले, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. या कवितेत ‘आम्ही’ व ‘तुम्ही’ अशी सर्वनामे होती. ‘आम्ही’ म्हणजे नदीकाठच्या खोल्यांतील माणसे; ‘तुम्ही’ म्हणजे ज्यांच्या अंगावर तो निळा रंग आहे ते, अर्थात वाचणारेही. तिची रक्कम जमली नाही. कोणी निषेध केला नाही, कोणी दोष दाखविला नाही. केवळ पैसे आले नाहीत. नियमाप्रमाणे कविता खुली झाली नाही. प्रस्तुत लेखकानेही त्या वेळी काही पाठविले नव्हते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. पुढच्या आठवड्यात देऊ, असे म्हणून तो विषय मागे पडला.

एका गटाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात जे दिसते ते सांगितले पाहिजे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. शिवाय आपले ‘आपण’ हेच रूप आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही येते. म्हणजे सलगी व आर्जव, सहभाग व स्तुती, या दोन्हींचे मराठीतील रूप एकच आहे. देणगी मागणारा कवी देणाऱ्याला ‘आपण’ म्हणतो, आणि कवितेतही ‘आपण’ लिहितो. पहिल्या ‘आपण’मधून दुसऱ्या ‘आपण’मध्ये केव्हा उतरलो हे त्यालाही कळत नाही. देणाऱ्याला कवितेत स्वतःसाठी जागा दिसली की हात खिशाकडे जातो. ‘आम्ही’ ऐकू आले की तो थबकतो, कारण त्या शब्दाने त्याला बाहेर उभे केलेले असते.

आणि मराठी कवितेतील नवेपणा अनेकदा या ‘आम्ही’तूनच आलेला आहे. १९५५ मधील ‘शब्द’पासून लघुनियतकालिकांची जी चळवळ मुंबईत उभी राहिली, तिच्यातील चक्रमुद्रित पाने कवींनी बहुधा पदरमोड करून काढली, वाचकाला खूश करणे हा त्यांचा हेतू नव्हता. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा मराठी वाचकवर्गातील मोठ्या भागाला प्रथमच आपण कवितेच्या बाहेर उभे असल्याची जाणीव झाली. त्या वाचकवर्गाकडून, एकेका कवितेसाठी, आगाऊ देणग्या मागितल्या असत्या तर काय झाले असते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

७

यावरून अल्प देणग्यांचा मार्ग त्याज्य ठरतो, असा निष्कर्ष काढल्यास तो चुकीचा होईल. इतर मार्ग याहून निर्दोष आहेत असे नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, आणि कित्येकांना त्याचा आधार झाला आहे. परंतु त्यासाठी पूर्ण हस्तलिखित हवे, म्हणजे कविता आधीच लिहून झालेली हवी. प्रकाशक काव्यसंग्रहाचा खर्च अनेकदा कवीकडूनच घेतो. अशा स्थितीत पन्नास माणसांनी पन्नास रुपयांनी कवीचा एक महिना मोकळा करावा, ही कल्पना टाकून देण्याजोगी नाही.

दोष रकमेच्या लहानपणात नाही, तसाच तो नव्या साधनांतही नाही. देणे प्रत्येक कवितेला जोडले गेले, हा दोष आहे. कविता पुढे ठेवायची, तिला किंमत लावायची, आणि ती जमली तरच ती प्रकट करायची, या रीतीने वर्गणीचे बाह्य रूप ठेवून आत दौलतजादाची प्रतिष्ठापना होते. देणारे अनेक असले तरी प्रत्येक जण त्या क्षणी आपले नाव उच्चारले जाण्याची वाट पाहत असतो. फडातल्या आरोळीऐवजी आता ते नाव पडद्यावर उमटते, इतकाच फरक. याउलट ‘काव्यरत्नावली’च्या वर्गणीदाराने पान दिले आणि वस्तीने जयंती दिली. दोघांनीही कवितेला प्रत्यक्ष स्पर्श केला नाही. म्हणून तिला नवे होता आले. द्रव्य व शब्द यांच्यामध्ये काळाचे किंवा प्रसंगाचे काही अंतर राखणारी देण्याची रीत हीच नवनिर्मितीला पोषक असते, असे या विवेचनावरून म्हणावयास हरकत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. देणग्या कवितेसाठी न मागता मुदतीसाठी मागाव्यात : सहा महिन्यांसाठी, वर्षासाठी. रक्कम सर्वांची सारखी असावी, नावे एकत्र व वर्णानुक्रमे छापावीत. विषय सुचविण्यास हरकत नाही. आपल्याकडे समस्यापूर्तीची परंपरा जुनी आहे आणि अवघड समस्येने कवीची प्रतिभा कित्येकदा जागी झाली आहे. परंतु विषय सुचविणारा व पैसे देणारा यांचा हिशेब वेगळा ठेवावा. आणि जे लिहिले जाईल ते, आवडो वा न आवडो, सर्वांसाठी खुले व्हावे.

बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेल्या ‘ग्रंथसखा’ या वाचनालयासारख्या संग्रहांत जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या आढळतात. मामलेदार, शिरस्तेदार, मास्तर, वकील, कोणी एक प्रत घेतलेली, कोणी पाच. ती नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि त्यांपैकी किती जणांना ते पुस्तक आवडले हेही कळण्यास मार्ग नाही. त्यांनी आगाऊ पैसे दिले, एवढेच त्यांच्याविषयी निश्चितपणे सांगता येते. विद्यार्थ्यांनी या याद्या अभ्यासाव्यात. त्यांत मराठी वाङ्मयाच्या सामाजिक इतिहासाची सामग्री आहे.

वर सांगितलेल्या गटाने गेल्या वर्षी वार्षिक वर्गणीची रीत स्वीकारली. सभासद निम्म्याहून कमी राहिले. वालधुनीवरील कविता पहिल्याच महिन्यात खुली झाली. ती वाचल्यावर एका सभासदाने कळविले की, आपल्याला ही कविता मुळीच पटलेली नाही. आणि त्याच संदेशात पुढील वर्षाची वर्गणी कधी द्यावयाची, अशी विचारणा केली. ज्याला नव्या कवितेचा आश्रयदाता म्हणता येईल असा वाचक कसा असतो, याचे उत्तर शोधताना या संदेशाची आठवण ठेवावी.